कुकटपल्लीच्या हवेतला माऊस

माझा भाचा हैदराबादला कुकटपल्लीत, केपीएचबी कॉलनीच्या सहाव्या फेजमध्ये राहतो. नांदेडहून नोकरीसाठी आला, हायटेक सिटीत कामाला लागला आणि इथल्या शेकडो पोरांसारखा 'हॉस्टेल'मध्ये राहू लागला. कुकटपल्लीत हॉस्टेल म्हटलं की कॉलेजचं वसतिगृह कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. येते ती नोकरदार मुलांनी भरलेली पाच मजली इमारत. खोलीत तीन खाटा, तीन लोखंडी कपाटं, गॅलरीत वाळणारे टॉवेल. त्यातल्या एका कोपऱ्यात भाच्यानं स्वतः सुटे भाग जोडून केलेला कॉम्प्युटर ठेवला आहे. ड्यूटीवरून आल्यावर, जेवण उरकून, तो आणि त्याचा उदगीरचा खोलीमित्र दोन तास 'व्हॅलोरंट' हा नेमबाजीचा गेम खेळतात.

एकदा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "मामा, माऊस उड्या मारतोय. नेम धरला की मध्येच अडकतो आणि एकदम दुसरीकडे जातो. नवीन घ्यावा म्हणतो. तीन बघून ठेवलेत, तुम्ही एकदा बघता का?" तिन्हींच्या किमती दहा हजारांच्या पुढे. मी म्हटलं, आधी येऊन बघतो, मग पैसे घाल.

खोलीत गेल्यावर मी माऊसला हातही लावला नाही. आधी विचारलं, याचा रिसिव्हर कुठे आहे? कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून. रिसिव्हर त्याच्या मागच्या बाजूला, निळ्या पोर्टमध्ये. त्याच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क. एका अंगाला लोखंडी कपाट. भाच्याला म्हटलं, मोबाइलवर वायफायची यादी उघड. यादी संपेना, चाळिसाच्या पुढे नावं. खालच्या, वरच्या, शेजारच्या इमारतीतली, समोरच्या टिफिन सेंटरचं सुद्धा. दिवसा पोरं कामावर असतात तेव्हा माऊस सुरळीत चालायचा. रात्री दहानंतर सगळी इमारत घरी आली की उड्या सुरू व्हायच्या. दुखणं माऊसच्या पोटात नव्हतं, हवेत होतं.

वायरलेस माऊस निवडताना लोक खोक्यावरचे आकडे वाचतात. मला वाटतं, त्याआधी आपण कुठल्या हवेत राहतो ते बघावं. आणि कुकटपल्लीइतकी गजबजलेली हवा देशात फार ठिकाणी नसेल.

वायरलेस माऊस बोलतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. नेमकं सांगायचं तर २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. या पट्ट्यात कमी ताकदीच्या उपकरणांना सरकारचा परवाना लागत नाही, म्हणून सगळे तिथेच गोळा होतात. वायफायचे राऊटर तिथे, कानातले ब्लूटूथ तिथे, आणि हॉस्टेलच्या मेसमधला मायक्रोवेव्ह ओव्हनही आपली ऊर्जा तिथेच फेकतो. वायफायचा एक चॅनल साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे असे चॅनल तीनच मिळतात: १, ६ आणि ११. चाळीस राऊटर या तीन गल्ल्यांत दाटीवाटीनं उभे असतात. माऊसला लागते एक-दोन मेगाहर्ट्झची चिंचोळी वाट. एका जागी गर्दी झाली की तो दुसऱ्या जागी उडी घेतो. हे सगळं तो इवल्याशा सेलवर करत असल्यामुळे त्याचा आवाज मुद्दामच बारीक ठेवलेला असतो. इथल्या रयतु बाजारात रविवारी सकाळी भाजीवाल्याशी बोलायचं तर ओरडून उपयोग नाही, त्याच्याजवळ जाऊन उभं राहावं लागतं. माऊसचंही तसंच आहे.

चांगला गेमिंग माऊस सेकंदाला १००० वेळा रिसिव्हरला निरोप धाडतो, म्हणजे दर एक मिलिसेकंदाला एक. त्यातले दोन-चार हरवले तरी हाताला कळत नाही. लागोपाठ चाळीस-पन्नास हरवले की पडद्यावरचा नेम थबकतो आणि पुढचा निरोप पोचताच एकदम उडी मारतो. भाच्याला दिसत होतं ते हेच.

निळ्या पोर्टचा गुन्हा वेगळाच. ते यूएसबी ३.० चं. त्यातून माहिती सेकंदाला ५ गिगाबिट वेगानं धावते, आणि त्या धावण्यातून विजेचा जो गोंगाट बाहेर सांडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेल कंपनीनं २०१२ मध्ये यावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. वायरलेस माऊसचा रिसिव्हर अशा पोर्टजवळ किंवा हार्ड डिस्कजवळ असेल तर तो बहिरा होतो, असं त्यात मोजमापांसह दाखवलं आहे. म्हणून तर बऱ्याच गेमिंग माऊसच्या खोक्यात एक छोटी एक्स्टेन्शन केबल असते. लोक ती खोक्यातच ठेवून खोका माळ्यावर टाकतात.

आम्ही ती शोधून काढली. रिसिव्हर हार्ड डिस्कपासून दूर, पुढच्या काळ्या पोर्टमधून केबलनं वर आणला आणि टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर चिकटपट्टीनं बसवला. अकरा वाजले होते, इमारत भरलेली होती. भाच्यानं दोन सामने खेळले. एकही उडी नाही.

पण तो माऊस खोलीमित्राचा होता. भाच्याला स्वतःचा हवाच होता. शनिवारी सिकंदराबादला जायचं ठरलं.

त्याआधी ब्लूटूथबद्दल दोन शब्द. ऑफिसच्या कामाचे बरेच माऊस नुसत्या ब्लूटूथवर चालतात, रिसिव्हर लागत नाही, पोर्टही वाचतं. पण त्यावर दोन निरोपांमध्ये किमान साडेसात मिलिसेकंद जातात. तक्ते भरायला ते पुष्कळ झालं, नेमबाजीला नाही. म्हणून गेमिंगच्या कंपन्यांनी त्याच पट्ट्यात स्वतःची बोली तयार केली. लॉजिटेकनं तिला लाइटस्पीड नाव दिलं, रेझरनं हायपरस्पीड. बिनवायरी माऊसवर खेळाडूंचा विश्वास बसायला बरीच वर्षं गेली. २००२ साली लॉजिटेकचा एमएक्स ७०० आला तेव्हा स्पर्धेत उतरणारे लोक वायरलाच धरून होते. २०१६ चा जी ९०० आणि त्याहून जास्त २०१८ चा ८० ग्रॅम वजनाचा जी प्रो वायरलेस, यांनी ते मत पालटलं. आज मोठ्या स्पर्धांच्या मंचावर वायरवाला माऊस शोधावा लागतो. शेकडो यंत्रं एका छताखाली चालू असलेल्या त्या सभागृहांची हवा कुकटपल्लीपेक्षा निवळ नसते, तरी तिथे हे माऊस टिकतात. एक कारण असं, की तिथे रिसिव्हर टेबलावर, माऊसच्या समोर ठेवलेला असतो.

केपीएचबी कॉलनी स्टेशनवरून मेट्रो पकडली, अमीरपेटला गाडी बदलली, पॅराडाइजला उतरायचं होतं. २०१७ च्या नोव्हेंबरात मेट्रो सुरू झाली तेव्हापासून कुकटपल्लीच्या माणसाला सिकंदराबादचा कॉम्प्युटर बाजार जवळ आला. पार्कलेनचं चिनॉय ट्रेड सेंटर, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात, तिथे गेलं की हातात घेऊन बघता येतं. मी भाच्याला ऑनलाइन मागवू न देता तिकडे नेलं ते याचसाठी.

गाडीत त्यानं मोबाइल पुढे केला. "हा बघा मामा, सव्वीस हजार डीपीआय. तो साधा आहे, बाराच हजार."

मी त्याला खिडकीबाहेर बघायला सांगितलं. मूसापेटच्या पुढे मेट्रो गच्च्यांच्या वरून जाते. पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या साड्या, डिश अँटेना मागे सरकत असतात. कुठली टाकी किती मागे सरकली यावरून आपण किती पुढे आलो हे कळतं. माऊसच्या पोटातला सेन्सर नेमकं हेच करतो. तो एक अगदी लहान कॅमेरा असतो. त्याचं चित्र जेमतेम तीस-पस्तीस ठिपक्यांचं चौकोनी, पण सेकंदाला तो अशी हजारो चित्रं काढतो. पॅडच्या कापडाचे धागे, लाकडाचे कंगोरे, कागदाचा खरखरीतपणा या त्याच्या गच्च्या आणि टाक्या. लागोपाठच्या दोन चित्रांत त्या किती सरकल्या याचा हिशेब तो करतो. काचेच्या टेबलावर साधा सेन्सर भांबावतो, कारण खाली बघावं तर ओळखीची खूणच नाही.

प्रकाशावर चालणाऱ्या माऊसची कल्पना १९८० च्या सुमारास झेरॉक्समध्ये रिचर्ड लायन यांनी मांडली, पण खास ठिपक्यांच्या पॅडशिवाय तो चालत नसे. कुठल्याही टेबलावर चालणारा ऑप्टिकल माऊस घराघरांत आला तो १९९९ नंतर. त्याआधी माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची आणि तिच्या रुळांवर साचलेला मळ नखानं खरवडावा लागे. चाळिशीपुढच्या वाचकांना तो काळा मळ नक्की आठवेल.

तर डीपीआय. ८०० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला की तो ८०० पावलं मोजतो. १९२० ठिपके रुंद पडदा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ओलांडायला सहा सेंटिमीटर हात हलवावा लागतो. आता २६,००० करून बघा. तोच पडदा दोन मिलिमीटरसुद्धा न हलवता पार होईल, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतक्या हालचालीत. छातीचा ठोका हातापर्यंत पोचला तरी नेम सुटायचा. नेमबाजीचे खेळ खेळणारे बहुतेक लोक ४०० ते १६०० च्या दरम्यान थांबतात. भाच्यानं आपलं सेटिंग आठवलं, ८०० होतं. तो आकडा तिथेच सुटला.

दुसरा आकडा पोलिंग रेटचा. महाग माऊस आता सेकंदाला ४०००, अगदी ८००० निरोप पाठवतात. ८००० म्हणजे दोन निरोपांत आठवा भाग मिलिसेकंद. ऐकायला जोरदार. पण भाच्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, तो नवं चित्र दाखवतो दर १६.७ मिलिसेकंदांनी. गेमचा सर्व्हर मुंबईला. हैदराबादहून मुंबई रस्त्यानं सातशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान सात मिलिसेकंद; प्रत्यक्षात वाटेतली यंत्रं धरून कितीतरी जास्त. या साखळीत एका मिलिसेकंदाचा आठवा भाग केलात तर हाताला काहीच मिळत नाही, सेल मात्र कितीतरी लवकर उतरतो. ज्याच्याकडे २४० किंवा ३६० हर्ट्झचा मॉनिटर आहे आणि जो खरोखर त्या पातळीवर खेळतो, त्यानं तो विचार जरूर करावा.

मग बघायचं काय? हात.

सीटीसीच्या पहिल्या मजल्यावर एका दुकानात डेमोचे आठ-दहा माऊस काउंटरवर मांडलेले होते. मालकानं भाच्याकडे बघितलं आणि अस्सल दखनीत म्हणाला, "डब्बा नक्को पढो भाई, हाथ में लेके देखो." मला त्या माणसाचा आदर वाटला. मी भाच्याचा पंजा मोजला. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसतरा सेंटिमीटर. मग त्याला म्हटलं, काही विचार न करता नेहमीसारखा धर.

माऊस धरायच्या तीन तऱ्हा दिसतात. काहींचा अख्खा तळवा माऊसवर विसावतो. काही जण तळव्याची मागची कड टेकवून बोटं आखडतात, मांजरानं पंजा रोवावा तशी. काहींचा तळवा लागतच नाही, नुसती बोटांची टोकं लागतात. भाचा दुसऱ्या तऱ्हेतला. तळवा विसावणाऱ्याला पाठीवर उंचवटा असलेला, उजव्या हाताच्या घडणीचा माऊस हवा. रेझरचा डेथअॅडर २००६ पासून त्याच घडणीवर टिकून आहे; त्याचा व्ही ३ प्रो १२८ मिलिमीटर लांब आणि ४४ उंच आहे. भाच्यानं तो हातात घेतला तर त्याची बोटं बटणांच्या टोकापर्यंत पोचेनात, करंगळी खाली घासू लागली. लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट १२५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी सारखा, साठ-बासष्ट ग्रॅमचा. मग लॉजिटेकचाच जी ३०४ उचलला: ११६.६ मिलिमीटर लांब, ३८ उंच. त्याचा हात त्यावर असा बसला की तो दोन मिनिटं बोललाच नाही, नुसता पॅडवर फिरवत राहिला.

वजनाचं मात्र बघावंच लागतं. साठ ग्रॅम म्हणजे कोंबडीचं एक मोठं अंडं. जी ३०४ सेलसकट ९९ ग्रॅमचा आहे. नेमबाजीत माऊस झटकन हलवायचा असतो, त्याहून महत्त्वाचं म्हणजे झटकन थांबवायचा असतो. वजन जास्त तर थांबताना हात पुढे वाहवतो. शिवाय यात एकच पेन्सिल सेल, तोही मागच्या बाजूला, त्यामुळे शेपूट जड. अल्कलाइन पेन्सिल सेलचं वजन तेवीस ग्रॅमच्या आसपास असतं. खेळणाऱ्यांनी यावर तोड काढली आहे: त्याहून बारीक, रिमोटमध्ये जातो तो एएए सेल एका प्लॅस्टिकच्या नळीत घालून बसवायचा. दोन्हींचा दाब दीड व्होल्टच, माऊसला फरक पडत नाही. दहा-एक ग्रॅम उतरतात, सेल मात्र निम्म्याहून कमी दिवस टिकतो. आत भरलेली लिथियम बॅटरी असलेले माऊस हलके होतात, केबल लावून खेळताही येतात. पण तीन-चार वर्षांनी ती बॅटरी थकली की बदलायला माऊसचे पाय उचकटून तो उघडावा लागतो. पेन्सिल सेल कुकटपल्लीच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. हॉस्टेलात राहणाऱ्यासाठी मी हा मोठा गुण मानतो.

दुकानात मी आणखी एक करायला लावलं. फोल्डरवर सावकाश, एकेक करून पन्नास वेळा क्लिक कर, आणि एकदा तरी फोल्डर आपोआप उघडतो का बघ. माझ्या आधीच्या माऊसनं मला हे शिकवलं. वर्षभरात तो एका क्लिकचे दोन करू लागला. फाईल नुसती निवडायला गेलो की ती उघडायची, काही ओढून न्यायला गेलो की मध्येच सुटायची. वॉरंटीवाल्यांनी दोन महिने हेलपाटे घालायला लावले. शेवटी मीच उघडला. बटणाखाली हरभऱ्याएवढा स्विच असतो, त्यात तांब्याची एक बारीक पट्टी. दाबलं की ती वाकून संपर्काला टेकते. लाखो वेळा वाकून तिची उसळी मंदावते, संपर्कावर गंज धरतो, आणि टेकताना ती थरथरते. तो थरथराट म्हणजेच दुसरा क्लिक. तीन पायांचा तो स्विच डाग सोडवून बदलता येतो. मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला ते काम जमतं. आता काही माऊसमध्ये प्रकाशावर चालणारे स्विच आले आहेत. त्यात दाबल्यावर किरण अडतो किंवा सुटतो, धातूचा संपर्कच नाही, म्हणून हे दुखणंही नाही. पैसे जास्त घालायचेच असतील तर मी डीपीआयपेक्षा यासाठी घालेन.

जाळीदार, भोकाभोकांचे हलके माऊस काउंटरवर होते. दिसायला सुरेख. पण इथे रस्त्याकडेच्या खोलीत आठवड्यात टेबलावर धुळीचा थर बसतो आणि एप्रिल-मे मध्ये तळव्याला घाम सुटतो. घाम आणि धूळ मिळून त्या भोकांत काय होईल ते सांगायला नको.

खोका घेताना त्यावर आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, छापील किंमत आणि ग्राहक तक्रारीचा नंबर असलेलं लेबल बघितलं. बाहेरून आलेल्या मालावर ते असणं कायद्यानं सक्तीचं आहे. ते नसेल तर वस्तू खरी असूनही भारतातली वॉरंटी मिळेल याचा भरवसा नाही. दोन-चारशे रुपये वाचवायला ते सोडू नये. घरी गेल्यावर कंपनीच्या प्रोग्रॅममधून एकदा अपडेटही करून घ्यावं. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की कित्येक वायरलेस माऊसचे रिसिव्हर लांबवर बसलेल्या अनोळखी माणसाचेही निरोप खरे मानतात, आणि त्या वाटेनं कॉम्प्युटरवर टायपिंगसुद्धा करता येतं. त्यानंतर कंपन्यांनी दुरुस्त्या काढल्या. एका भिंतीपलीकडे सहा अनोळखी माणसं राहत असताना हे विसरून चालत नाही.

भाच्यानं जी ३०४ घेतला. तीन हजारांच्या आतबाहेर किंमत. उरलेल्या पैशातून एक मोठं कापडी पॅड घेतलं, कारण हॉस्टेलचं टेबल चकचकीत सनमायकाचं, त्यावर माऊसचे पाय कधी अडायचे, कधी घसरायचे. बाकीची रक्कम मॉनिटरसाठी बाजूला ठेवली. उदगीरच्या पोराचा पंजा चांगला वीसच्या पुढे आहे. त्यानं हाच माऊस उचलून बघितला आणि हसून खाली ठेवला. त्याच्या तळव्याखाली तो दिसेनासाच झाला.

कंपनी म्हणते, एका सेलवर २५० तास. रोजच्या दोन तासांनी चार महिने झाले. परवा गेलो तेव्हा रिसिव्हर टेबलावर चिकटपट्टीखाली जागच्या जागी होता. खाटेच्या वर नांदेडहून आणलेलं कालनिर्णय टांगलेलं होतं. माझी बहीण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर 'सिलिंडर लावला' असं लिहिते, तशाच तिरप्या अक्षरात त्यानं एका चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'माऊसचा सेल घातला.'